कचऱ्याच्या गाडीचा चालक कोणाचा नोकर?

शहरातला कचरा रोज उचलला जातो, म्हणून तो आपोआप उचलला जातो अशी शहरवासीयांची समजूत झालेली असते. एखाद्या दिवशी गाड्या आल्या नाहीत, म्हणजेच ती मोडते. मुंबई महानगरात दररोज सुमारे साडेसहा ते सात हजार टन कचरा जमा होतो. चाळी, झोपडपट्ट्या, गृहसंकुले, मंडया आणि हॉटेले यांच्या दारातून तो उचलून कांजूरमार्ग व देवनार येथील क्षेपणभूमींपर्यंत पोहोचवण्याचे काम गाड्यांचा एक अखंड ताफा करीत असतो. त्याच रस्त्यांवरून दुसरा ताफा धावत असतो तो खडी, वाळू, मुरूम, नाल्यांतला गाळ आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा वाहणाऱ्या डंपरांचा. शहर उभारायला लागणारा माल आत आणणारा आणि शहराने टाकून दिलेला माल बाहेर नेणारा हा एकच श्रमिकवर्ग आहे. त्याच्या हातातले चाक थांबले, तर महानगराच्या वैभवाला दुर्गंधी सुटण्यास चार दिवस पुरेत. आणि तरीही या चालकाला ‘तू कोणाचा नोकर?’ असा साधा प्रश्न केला, तर त्याला सरळ उत्तर देता येत नाही.

गाडीवर नाव महापालिकेचे रंगवलेले असते. गाडी मात्र ठेकेदाराची असते. कित्येकदा ती ठेकेदाराचीही नसते. त्याने ती दुसऱ्या गाडीमालकाकडून भाड्याने घेतलेली असते आणि चालक त्या मालकाने ठेवलेला असतो. त्याची वेळ महापालिकेचा मुकादम ठरवतो, मार्ग महापालिका ठरवते, वजनकाट्यावरची पावती महापालिकेच्या हिशेबासाठी फाडली जाते. पगाराचा, भविष्यनिर्वाह निधीचा, रजेचा किंवा अपघाताचा प्रश्न निघाला, की महापालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते, ठेकेदार गाडीमालकाकडे आणि गाडीमालक दाराकडे. हुकूम सोडणारे तीन आणि जबाबदारी घेणारा एकही नाही, अशी ही रचना आहे. ती अनवधानाने झालेली नाही. मालक अदृश्य करण्यासाठीच ती गेल्या काही दशकांत पद्धतशीरपणे उभारण्यात आली आहे, आणि कामगार चळवळीला तिचा विचार करावयाचा आहे तो याच दृष्टीने.

कचरा हटवणे हे काम मुळात कोणाचे, याविषयी कायद्यात कसलाही संदेह नाही. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ सालचा अधिनियम महापालिकेची जी बंधनकारक कर्तव्ये सांगतो, त्यांत शहरातील मैला, राख, केरकचरा उचलणे व त्याची विल्हेवाट लावणे हे कर्तव्य स्पष्टपणे सांगितलेले आहे. बंधनकारक याचा अर्थ इतकाच, की ते करावे की न करावे असा पर्याय महापालिकेला नाही. महापालिका ज्या कामांसाठी जन्माला आली, त्यांपैकी हे एक आहे. परकीय राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी का होईना, जे कर्तव्य कायद्याने महापालिकेच्या गळ्यात बांधले, ते लोकनियुक्त राजवटीने निविदेच्या कागदात गुंडाळून बाजारात विकावे, हा इतिहासाचा मोठा विपर्यास म्हटला पाहिजे.

ही विक्री एका दिवसात झाली नाही. आधी गाड्या भाड्याने घेण्यात आल्या. गाडीबरोबर चालक आलाच. कचरा भरणारे मोटार लोडर महापालिकेचे आणि गाडी व चालक मात्र ठेकेदाराचे, अशी दुहेरी व्यवस्था मुंबईच्या अनेक विभागांत रूढ झाली. मग मजूरही ठेक्यावर येऊ लागले. कंत्राटी कामगारांचा १९७० सालचा कायदा वीस किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या ठेकेदाराला लागू होता. साहजिकच ठेके इतके लहान पाडण्यात आले, की एकेका ठेक्यातील कामगारांची संख्या वीसच्या आतच राहावी. कायद्याचा शब्द पाळून त्याचा प्राण घेण्याची ही रीत होती. तीही अपुरी वाटली तेव्हा कामगाराचे नावच बदलले. तो कामगार नव्हे, संस्थेचा ‘स्वयंसेवक’ आहे, त्याला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’ आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. रोज आठ-आठ तास कचऱ्यात उभे राहून पोट भरणाऱ्या माणसाला स्वयंसेवक म्हणणे यात जी निर्दय थट्टा आहे, तिच्यावर वेगळे भाष्य करण्याचे कारण नाही.

या थट्टेविरुद्ध कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे चालवलेला लढा हा अलीकडच्या काळातील असंघटितांच्या चळवळीचा एक महत्त्वाचा अध्याय आहे. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली कामगारांच्या बाजूने निवाडा दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना महापालिकेच्या सेवेत कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. ठेकेदार हा मुखवटा असून खरा मालक महापालिकाच आहे, हे त्यामुळे प्रस्थापित झाले. विजय मोठा होता. पण तो हाती येतानाही नोंदवहीतील नावांच्या अक्षरांत फरक आहे, कागदपत्रे जुळत नाहीत, अशा कारणांवरून अनेकांना तिष्ठत ठेवण्यात आले. ज्यांनी ती नावे चुकीची लिहिली, त्यांना कोणी जाब विचारला नाही. ज्यांची ती नावे होती, त्यांनीच आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे, अशी अपेक्षा होती.

त्या विजयाने जे मिळवले, ते हिरावून घेण्याची तयारी मात्र दोन्ही बाजूंनी झालेली दिसते. मुंबई महापालिकेने २०२५ साली बहुतेक विभागांतील कचरा गोळा करणे व वाहून नेणे या कामांसाठी सात वर्षांच्या मुदतीची, हजारो कोटी रुपयांची निविदा काढली. तिच्यात गाडी, चालक आणि मजूर असा सगळाच संच ठेकेदाराने पुरवावयाचा होता. कामगार संघटना एकत्र आल्या, संपाचा इशारा दिला गेला आणि प्रशासनाला वाटाघाटींच्या मेजावर यावे लागले. पण निविदेमागचा विचार इशाऱ्याने नाहीसा होत नाही. तो अनुकूल वेळेची वाट पाहत असतो.

आणि ती अनुकूल वेळ दिल्लीने आणून दिली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती यांविषयीच्या २०२० च्या संहितेने १९७० चा कंत्राटी कामगार कायदा आणि १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा हे दोन्ही पोटात घेतले. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर गेली. पूर्वी ज्या पळवाटेसाठी ठेक्याचे तुकडे पाडावे लागत, ती आता राजमार्ग झाली आहे. एखाद्या आस्थापनेच्या ‘गाभ्याच्या’ कामात कंत्राटी कामगार ठेवता येणार नाहीत, असे ही संहिता एका हाताने सांगते. आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल, तर सफाई, कचरा गोळा करणे व त्याची विल्हेवाट, माल चढवणे-उतरवणे आणि वाहतूक ही कामे गाभ्याची मानली जाणार नाहीत, असे ती दुसऱ्या हाताने जोडते. शिवाय जे काम एरवी ठेकेदारामार्फतच केले जाते, त्यालाही तिने मुभा ठेवली आहे. म्हणजे आधी बेकायदा ठेका द्यावा, तो रूढ होऊ द्यावा आणि मग रूढ आहे म्हणून कायदेशीर ठरवावा, असा हा क्रम होऊ शकतो.

येथेच १८८८ च्या अधिनियमातील त्या जुन्या कर्तव्याचे मोल कळते. कारखान्यातील झाडलोट ही कारखान्याच्या गाभ्याचे काम नाही, असा वाद कोणी घातला तर तो निदान ऐकून घेता येईल. परंतु महापालिका कचरा उचलण्यासाठी स्थापन झालेली नाही, असे कोणती महापालिका म्हणू शकेल? रस्ते, पाणी, दिवाबत्ती आणि सफाई ही कामे वजा केली, तर महापालिकेत सभागृह आणि खुर्च्या याखेरीज काय उरते? नव्या संहितेखाली पुढची कायदेशीर लढाई होईल ती या मुद्द्यावर, आणि संघटनांनी तिची तयारी आतापासून केली पाहिजे.

कायद्याची ही चर्चा चालकाच्या रोजच्या जीवनाशी कशी भिडते, ते पाहण्यासाठी त्याच्या मजुरीचे गणित समजून घ्यावे लागेल. ठेकेदाराला बहुधा टनावर किंवा फेरीवर पैसे मिळतात. तोच हिशेब खाली उतरत चालकापर्यंत येतो. डंपरच्या धंद्यात तर खेपेवर मजुरी हाच सर्वसाधारण रिवाज आहे. खेपेचा दर ठरलेला, पण खेपेला लागणारा वेळ ठरलेला नाही. रस्ता तुंबला, क्षेपणभूमीच्या काट्यावर गाड्यांची रांग लागली, पावसात चाके चिखलात रुतली, तर जाणारे तास चालकाचे. मुंबईत १९२७ पासून कचरा स्वीकारणारे देवनार भरत गेले, मुलुंडची क्षेपणभूमी २०१८ साली बंद झाली. क्षेपणभूमी जशी दूर जाते, तशी खेप लांबते आणि दिवसाच्या खेपा घटतात. आठ तासांचा दिवस, पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी ही तत्त्वे मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच कायद्यात आली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायाला लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचे मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिले. जेथे तो लागू होता, तेथेही तपासणी क्वचितच होई. तेव्हा खेपेवर जगणाऱ्या चालकाला आठ तासांचा दिवस हा दुसऱ्याच कोणाच्या तरी आयुष्यातला शब्द वाटला, तर नवल नाही.

टनावर पैसे देण्याच्या पद्धतीतून दुसराही अनर्थ उद्भवतो, आणि तो केवळ कामगारांपुरता राहत नाही. नागरिकांनी ओला व सुका कचरा वेगळा करावा, कचरा कमी व्हावा, खत घरच्या घरी व्हावे, असे महापालिका एकीकडे सांगते. दुसरीकडे ती ठेकेदाराला जितका कचरा अधिक, तितका नफा अधिक, असे आमिष दाखवते. कचऱ्यात राडारोडा मिसळून वजन वाढवणे, ओल्या कचऱ्याचे पाणीही काट्यावर चढवणे हे प्रकार या गणिताची नैसर्गिक फळे आहेत. मुंबईतील नालेसफाईच्या २०१५ सालच्या चौकशीत गाळ वाहणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्यांच्या नोंदीच संशयास्पद आढळल्या. मिठी नदीतील गाळ काढण्याच्या कामांवरून २०२५ साली सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला गेला. न झालेल्या फेऱ्यांचे पैसे कागदावर निघू शकतात. पण झालेल्या फेरीचे पैसे चालकाला वेळेवर मिळत नाहीत. सार्वजनिक तिजोरीची लूट आणि श्रमिकाची लूट या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच काट्यावर दोन्हींचे वजन होते.

मर्यादेपेक्षा जास्त भार भरलेल्या डंपरचेही असेच आहे. सरकारने २०१८ साली मालवाहू गाड्यांच्या भाराची मर्यादा वाढवली आणि तीन आसांच्या गाडीचे अनुज्ञेय एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर नेले. मालकांच्या मागणीचा विचार झाला. तेच रोधक आणि तेच टायर यांवर अधिक वजन घेऊन उतार उतरणाऱ्या माणसाचा विचार किती झाला, हा प्रश्नच आहे. ती वाढीव मर्यादाही ओलांडली जाते, कारण खडी किंवा वाळू किती ब्रास भरायची हे चालक ठरवत नाही. ते खाणीवर, घाटावर, मालकाच्या फोनवर ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. त्याच कायद्याचे कलम ११३ असे सांगते, की चालक हा गाडीचा मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. कायदेमंडळाला चालकाची लाचारी ठाऊक होती, असाच त्याचा अर्थ आहे. परंतु रस्त्यावर गाडी अडवली जाते तेव्हा हजर असतो तो चालक, परवाना जप्त होतो तो चालकाचा आणि चोरट्या वाळूची गाडी पकडली गेली, की रात्र पोलीस चौकीत काढतो तोही चालकच. गृहीतकाचा लाभ मिळण्यासाठी वकील लागतो, आणि वकिलाचे पैसे मालकाकडेच असतात.

अपघात झाला म्हणजे तर या माणसाला कोणीच उरत नाही. डंपरखाली माणूस सापडतो, जमाव खवळतो, आणि तो क्षोभ समजण्यासारखाही आहे. अरुंद रस्त्यांवर भरधाव जाणाऱ्या अवजड गाड्यांनी अनेक घरे उद्ध्वस्त केली आहेत आणि त्या कुटुंबांचे दुःख कोणत्याही सिद्धान्ताने हलके होत नाही. दोषी चालकाला शिक्षा होऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु चौदाव्या तासाला डुलकी लागलेला चालक आणि त्याला चौदाव्या तासापर्यंत चालवत ठेवणारा खेपेचा दर यांपैकी न्यायालयापुढे फक्त पहिलाच उभा राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली, तेव्हा २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवशी देशभर चालकांनी चाके थांबवली. कोणत्याही मोठ्या पक्षाने त्यांना हाक दिली नव्हती. सरकारला चर्चेचे आश्वासन द्यावे लागले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवण्यात आले. असंघटित म्हणून ज्यांना गणतीत धरले जात नव्हते, त्यांनी दोन दिवसांत देशाच्या इंधनपुरवठ्याला धाप लावली, याची नोंद कार्यकर्त्यांनी नीट घेतली पाहिजे.

आरोग्याची स्थिती याहून निराळी नाही. कचऱ्याच्या गाडीत चालक बसतो तेथून दोन-चार हातांवर कुजणारा कचरा असतो, खाली गळणारे काळे पाणी असते आणि इंजिनाची धग असते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कामगारांना गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मुखाच्छादन देणे बंधनकारक केले होते. ठेक्यावरील चालक कोणाचाच कामगार नसल्यामुळे ते त्याला देणारा कोणी नव्हता. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू गाड्यांच्या चालककक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ती नव्या गाड्यांपुरती आहे, आणि जुनी गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत वापरून घेण्याकडेच ठेक्याच्या धंद्याचा कल असतो.

या कामाला चिकटलेली अप्रतिष्ठा हा केवळ वासाचा परिणाम नाही. या देशात घाण उचलण्याचे काम जातीने वाटून दिले आणि मग ते करणाऱ्यांनाच घाण ठरवले. यंत्राने भरणारी गाडी आली तरी ती नजर बदललेली नाही. चहाच्या टपरीवर कचऱ्याच्या गाडीचा चालक थोडा दूर उभा राहतो, तेव्हा त्याला तसे कोणी सांगावे लागत नाही. दुसऱ्या खंडातही हेच घडलेले आहे. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसापासून आसरा घेण्यासाठी कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले आणि बिघडलेल्या दाबयंत्रात चिरडले गेले. नुकसानभरपाईचा कायदा त्यांना लागू नव्हता, कारण ते तासावर ठेवलेले कामगार होते. १२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावरून चालले. त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला शहराने संघटनेला मान्यता दिली आणि वेतनवाढही मान्य केली. पगाराच्या मागणीइतकीच मोठी मागणी त्या तीन शब्दांत होती. वर्णाच्या जागी जात घातली, तर मुंबई, पुणे किंवा नागपूर येथल्या गाडीवानांनाही तोच फलक गळ्यात घालता येईल.

ढिगाने माल वाहणाऱ्या चालकाच्या नशिबाचा आणखी एक पैलू गोव्याने दाखवून दिला आहे. तेथे खाणींपासून नदीकाठच्या धक्क्यांपर्यंत लोहखनिज वाहणाऱ्या हजारो टिपरांवर गावेच्या गावे जगत होती. बेकायदा उत्खनन उघडकीस आले, २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. डोंगर पोखरणाऱ्यांना आळा बसणे आवश्यक होते, याबद्दल दुमत नाही. परंतु ज्यांनी डोंगर पोखरून संपत्ती केली त्यांची ती संपत्ती राहिली; ज्यांनी ती माती वाहिली त्यांच्यापाशी बँकेचे हप्ते राहिले. पर्यावरणाचा लढा आणि श्रमिकाचा लढा एकमेकांसमोर उभे करण्याचा डाव अशा वेळी साधला जातो. पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराचा कचरा आपल्या माथी नको म्हणून वेळोवेळी गाड्या अडवल्या, तेव्हाही ग्रामस्थांच्या न्याय्य संतापासमोर उभा होता तो चालकच. क्षेपणभूमीचा निर्णय घेणारे तेथे नव्हते.

खाजगीकरणाचे समर्थक यावर एक आक्षेप घेतात आणि तो टाळणे योग्य नाही. कायम कामगार कामचुकार असतात, गैरहजर राहतात, आपल्या जागी बदली माणूस पाठवतात, महापालिकेच्या गाड्या कार्यशाळेत धूळ खातात, असे ते सांगतात. यात तथ्य नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नागरिकांचा तो अनुभव आहे आणि त्याचा उपयोग करूनच खाजगीकरणाला लोकमत मिळवले जाते. पण गाड्या कार्यशाळेत का पडतात? सुटे भाग वेळेवर घेतले जात नाहीत, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, म्हणून. आधी सार्वजनिक सेवा उपाशी ठेवायची आणि मग ती अशक्त झाली म्हणून ठेकेदाराच्या दावणीला बांधायची, ही नीती एसटीपासून सरकारी दवाखान्यांपर्यंत सर्वत्र दिसते. शिवाय ठेक्यातील बचत येते कोठून? ठेकेदार डिझेल स्वस्तात विकत घेत नाही, टायरही नाही. त्याचा नफा काढून वर जी बचत दाखवली जाते, ती चालकाच्या वेतनातून, निधीतून, रजेतून आणि झोपेतूनच निघते. कायम कामगारांच्या शिस्तीचा प्रश्न संघटनांनी स्वतः हाती घेतला पाहिजे, हे मात्र खरे. सार्वजनिक सेवेचे रक्षण मागणाऱ्यांना सार्वजनिक सेवा चोख देण्याचे उत्तरदायित्व टाळता येणार नाही.

याच ठिकाणी संघटनांच्या एका उणिवेचा विचार करावा लागतो. एकाच गाडीवर मागे उभा असलेला कायम लोडर आणि पुढे बसलेला ठेक्यावरचा चालक हे एकत्र काम करतात, एकत्र भिजतात. पण त्यांची संघटना एक नसते. कायम कामगारांच्या मोठ्या युनियनांना चालक परका वाटला, कारण तो ठेकेदाराचा. मालवाहतूकदारांच्या संघटना मालकांच्या, तेथेही त्याला स्थान नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांत जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या समाजवादी कार्यकर्त्यांनी मुंबईत महापालिका कामगार आणि टॅक्सीचालक यांना संघटित केले, तेव्हा ज्याला कोणी संघटित करीत नाही त्याच्यापासून सुरुवात करावी, ही त्या कार्याची दृष्टी होती. आज ती दृष्टी ज्याच्यावर पडली पाहिजे, तो माणूस गाडीच्या पुढच्या काचेमागे बसलेला आहे.

मार्ग अज्ञात आहे असेही नाही. महाराष्ट्रानेच तो देशाला दाखवला. अनेक मालकांकडे थोडे थोडे काम करणाऱ्या आणि म्हणून कोणाचाच नोकर नसलेल्या माथाडी व हमाल कामगारांसाठी राज्याने १९६९ साली कायदा केला. मालक आणि कामगार या दोघांची नोंदणी मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, मजुरीवर मालकाकडून लेव्ही आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार, अशी ती योजना आहे. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायतीच्या रूपाने आणि पुढे १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या रूपाने, असंघटित म्हटला जाणारा माणूस संघटित होऊ शकतो हे सिद्ध करून दाखवले. त्याच कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम ठेकेदाराविना चालवून दाखवले. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा आपल्यातून गेले. त्यांनी आखून दिलेली वाट मोकळीच आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कचरा गोळा करणे व वाहून नेणे हे नगरपालिका व महापालिका यांच्या गाभ्याचे काम असल्याचे राज्य सरकारने निःसंदिग्धपणे जाहीर करावे आणि त्यातील चालक टप्प्याटप्प्याने महापालिकेच्या सेवेत घ्यावेत. खडी, वाळू, गाळ, राडारोडा यांच्या खाजगी वाहतुकीतील चालकांसाठी माथाडीच्या धर्तीवर त्रिपक्षीय मंडळ असावे आणि खेपेवरील मजुरीला दैनिक किमान वेतनाचा आधार असावा. काट्यावरील आणि रांगेतील वेळ कामाचा वेळ म्हणून धरावा. जादा भाराच्या प्रत्येक प्रकरणात कलम ११३ चे गृहीतक प्रथम माल भरणाऱ्याला व गाडीमालकाला लावावे. आणि ज्या काट्याच्या पावतीवर ठेकेदाराला पैसे मिळतात, तिच्यावरच चालकाचे नाव आणि त्याचे कामाचे तास नोंदले जावेत, म्हणजे त्याला आपण कोठे किती राबलो याचा पुरावा शोधत न्यायालयाची पायरी झिजवावी लागणार नाही.

यांतील शेवटची मागणी सर्वांत लहान दिसते. पण सुरुवात तिच्यापासूनच करता येईल. कारण सारी ठेकेदारी उभी आहे ती चालकाचे नाव कोठेही लिहिले जाऊ नये, या एका अटीवर. प्रत्येक तालुक्यात नगरपालिका आहे, प्रत्येक नगरपालिकेचा कचरा कोणीतरी वाहतो आणि प्रत्येक गावाशेजारी कोठेतरी खडीचा क्रशर आहे. तेथे पहाटे गाड्या सुटण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी एक वही घेऊन जावे. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, मालकाचे नाव, दिवसाच्या खेपा, मिळालेली मजुरी एवढ्याच गोष्टी तीत रोज लिहाव्यात. सहा महिने भरत गेलेली अशी वही ही कोणत्याही कामगार न्यायालयात साक्ष होऊ शकते, कोणत्याही नगरपालिकेच्या सभेत प्रश्न होऊ शकते आणि एका संघटनेची पहिली सभासद-यादीही होऊ शकते.